सौम्य, पण हृदयात : लहान मुलांच्या हृदयातील गाठी कशा ओळखतात आणि हाताळतात

गर्भावस्थेतील सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठ दिसते, आणि त्या क्षणापासून आईवडिलांच्या मनात एकच शब्द घोळू लागतो : कर्करोग. म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. बालकांच्या हृदयात मुळातून उद्भवणाऱ्या गाठी अत्यंत विरळ असतात, आणि ज्या आढळतात त्यांपैकी दहातील नऊ किंवा त्याहूनही अधिक गाठी सौम्य असतात, म्हणजे त्या कर्करोगाच्या नसतात. हे दिलासा देणारे सत्य आहे, पण ते अपुरे आहे. ‘सौम्य’ हा शब्द गाठीतील पेशींच्या स्वभावाविषयी बोलतो : त्या शेजारच्या अवयवांत घुसत नाहीत आणि रक्तातून दूर जाऊन दुसरीकडे मूळ धरत नाहीत. गाठ कुठे बसली आहे याविषयी मात्र तो शब्द काहीच सांगत नाही. पाठीच्या त्वचेखाली दोन सेंटिमीटरची सौम्य गाठ असेल, तर ती आयुष्यभर तशीच राहिली तरी बिघडत नाही. तेवढीच गाठ नवजात बाळाच्या इवल्याशा हृदयात महाधमनीच्या तोंडाशी असेल, तर ती सगळ्या शरीराकडे जाणारे रक्त अडवू शकते. या आजारात डॉक्टर जे जे निर्णय घेतात, ते बहुतांशी या एका भेदावरच उभे असतात.

हृदयातली गाठ त्रास कसा देते, हे समजले की पुढचे बरेच काही सोपे होते. हृदयाला वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आणि खालचे दोन कप्पे, म्हणजे जवनिका, असतात. रक्त कर्णिकांतून झडपांवाटे जवनिकांत उतरते आणि तेथून दोन मोठ्या वाहिन्यांतून बाहेर ढकलले जाते, एकीतून फुप्फुसांकडे आणि दुसरीतून बाकीच्या सर्व शरीराकडे. गाठ झडपेजवळ किंवा या बाहेर पडण्याच्या वाटेत आली, तर प्रवाह अडतो. ती भिंतीच्या आत असेल, तर आकुंचन पावणाऱ्या स्नायूची जागा ती व्यापते आणि हृदयाची ताकद कमी पडू लागते. हृदयाचे ठोके ठरवणारे विजेचे संदेश ठरावीक वाटांनी पसरत असतात. गाठ त्या वाटेत आली, की ठोके अतिशय वेगाने, अनियमितपणे किंवा कधी फारच सावकाश पडू लागतात. काही गाठी हृदयाच्या बाहेर, त्याच्या वेष्टणाच्या आत वाढतात आणि हृदयाला बाहेरून दाबतात. काहींचा तुकडा सुटून रक्ताबरोबर मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. यांपैकी काहीच घडत नसेल, तर गाठ असूनही बाळ अगदी निरोगी दिसते, आणि प्रत्यक्षात अशी बाळे पुष्कळ असतात.

जिथे त्रास होतो, तिथली लक्षणे फसवी असतात, कारण ती इतर अनेक आजारांसारखीच दिसतात. नवजात बाळ निळसर पडते, दूध पिताना धापा टाकते, त्याला घाम येतो, वजन वाढत नाही. किंवा डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून हृदयाचा जादा आवाज ऐकू येतो. थोड्या मोठ्या मुलाला धडधड होते, खेळताना चक्कर येते किंवा शुद्ध हरपते. केवळ लक्षणांवरून हृदयात गाठ आहे असे कोणीही सांगू शकत नाही, आणि म्हणूनच गर्भातील सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यापासून यांतल्या पुष्कळ गाठी जन्माआधीच समजू लागल्या आहेत. बहुधा त्या गर्भावस्थेच्या 20 ते 30 आठवड्यांच्या दरम्यान दिसतात. इथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते, कारण त्यातून पुष्कळ विनाकारण घबराट होते : सोनोग्राफीच्या अहवालात कधी कधी बाळाच्या हृदयातील ‘चमकदार ठिपक्या’चा उल्लेख असतो. हा ठिपका म्हणजे झडपेला आधार देणाऱ्या छोट्या स्नायूत साचलेले किंचितसे कॅल्शियम असते; तो पुष्कळ गर्भांत दिसतो, त्याने हृदयाच्या कामात काहीच बिघडत नाही आणि ती गाठ नव्हे.

खरोखरच गाठ दिसली, तर पहिली आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी म्हणजे बालहृदयरोगतज्ज्ञाने केलेला तपशीलवार इको. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या या तपासणीत किरणोत्सर्ग नसतो, सुई नसते, आणि ती कितीही वेळा करता येते. इकोमध्ये तज्ज्ञ फक्त गाठीचा आकार मोजत नाहीत. गाठी किती आहेत, कोणत्या कप्प्यात आहेत, भिंतीत रुतलेल्या आहेत की देठावर लोंबत आहेत, आत कॅल्शियम किंवा पाण्याच्या पिशव्या आहेत का, त्यांच्या बाजूने जाताना रक्ताचा वेग वाढतो का, झडप गळते का, हृदयाभोवती पाणी साचले आहे का, हे सारे ते पाहतात. गाठीसारखी दिसणारी प्रत्येक वस्तू गाठ नसते, हेही याच टप्प्यावर ध्यानात ठेवावे लागते. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली असते, त्याच्या हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन ती हुबेहूब गाठीसारखी दिसू शकते. त्यानंतर ईसीजी, आणि ठोक्यांची शंका असल्यास 24 तास किंवा अधिक काळ ठोके नोंदवणारे होल्टर यंत्र. इकोने उत्तर मिळाले नाही किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एमआरआय. एमआरआयचे मोल यात आहे, की वेगवेगळ्या प्रकारच्या ऊती त्यात वेगवेगळ्या रीतीने चमकतात. तंतुमय गाठ शिरेतून दिलेले औषध धरून ठेवते आणि काही मिनिटांनी ठळक उजळते, रक्तवाहिन्यांची गाठ औषध पोहोचताक्षणीच उजळते, तर स्नायुपेशींची गाठ आसपासच्या स्नायूसारखीच दिसते. लहान मुलांना एमआरआयसाठी बहुधा भूल द्यावी लागते. अगदी तान्ह्या बाळाला मात्र दूध पाजून, गुंडाळून, झोपेत असतानाही ती तपासणी करता येते.

‘तुकडा काढून तपासला नाही, मग खात्री कशी?’ हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. धडधडत्या हृदयातून तुकडा काढण्यात स्वतःचा धोका असतो, आणि मुलाचे वय, गाठींची संख्या, त्यांची जागा व तपासणीतले रूप ही चार सूत्रे जुळवली, तर बहुसंख्य मुलांत प्रकार पुरेशा खात्रीने ओळखता येतो. सूत्रे जुळेनाशी झाली, गाठ अनपेक्षितपणे वाढली किंवा कर्करोगाची शंका आली, तेव्हाच तुकडा तपासण्याचा धोका पत्करणे योग्य ठरते.

बालवयात सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे ऱ्हॅब्डोमायोमा. ती हृदयाच्याच स्नायुपेशींपासून बनते, पण त्या पेशी फुगलेल्या आणि ग्लायकोजेन या साखरसाठ्याने भरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मध्यभागापासून कडेपर्यंत बारीक धागे गेलेले दिसतात, म्हणून त्यांना ‘कोळी पेशी’ असे नाव पडले आहे. या गाठी बहुधा एकाहून अधिक असतात आणि जवनिकांच्या भिंतीत किंवा मधल्या पडद्यात आढळतात. त्यांचे वागणे विलक्षण आहे. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात त्या वाढतात, आईच्या संप्रेरकांचा त्यात वाटा असावा असे मानले जाते, आणि जन्मानंतर त्या आपोआप आकसू लागतात. बहुतेक गाठी पहिल्या काही वर्षांत खूप लहान होतात आणि त्यांतल्या अनेक पूर्णपणे दिसेनाशा होतात. म्हणून रक्ताची वाट मोकळी असेल आणि ठोके नियमित असतील, तर सर्वोत्तम उपचार म्हणजे ठरलेल्या अंतराने इको व ईसीजी करत वाट पाहणे. ‘काहीच करत नाही’ असे पालकांना यात वाटते. पण नियमित पाहणी हा विचारपूर्वक निवडलेला उपचार आहे, आणि आपोआप जाणाऱ्या गाठीसाठी बाळाची छाती उघडणे हे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

वाट पाहणे परवडत नाही, अशी बाळे थोडी असतात, पण असतात. गाठीमुळे फुप्फुसांकडे किंवा शरीराकडे जाणारी वाट जवळजवळ बंद झाली असेल, तर जन्मानंतर ताबडतोब प्रोस्टाग्लँडिन हे औषध शिरेतून सुरू करतात. गर्भात दोन मोठ्या वाहिन्यांना जोडणारी एक लहान नळी असते, जी जन्मानंतर मिटते. हे औषध ती उघडी ठेवते आणि रक्ताला पर्यायी मार्ग मिळतो. त्या अवधीत गाठ आकसेल का ते पाहता येते. शस्त्रक्रिया करावीच लागली, तर सगळी गाठ उपटून काढण्याचा आग्रह शल्यविशारद धरत नाहीत. वाट अडवणारा तेवढाच भाग ते काढतात, कारण उरलेला भाग पुढे आपोआप लहान होण्याची शक्यता मोठी असते आणि स्नायू व झडप वाचवणे अधिक महत्त्वाचे असते.

गेल्या काही वर्षांत या दोन मार्गांच्या मध्ये तिसरा मार्ग तयार झाला आहे, आणि त्याची गोष्ट दूरवरच्या एका बेटापासून सुरू होते. 1964 साली कॅनडातून गेलेल्या एका वैद्यकीय मोहिमेने ईस्टर बेटावरील मातीचे नमुने आणले. त्या मातीतील जिवाणूपासून पुढे एक औषध मिळाले आणि बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटले गेले. आज ते सिरोलिमस म्हणून ओळखले जाते. पेशीने वाढायचे की थांबायचे हे ठरवणाऱ्या एका प्रथिनाला ते लगाम घालते, आणि त्या प्रथिनालाच या औषधावरून एमटॉर हे नाव मिळाले. ऱ्हॅब्डोमायोमा असलेल्या बहुतेक बाळांत नेमका हाच लगाम सुटलेला असतो. त्यामुळे सिरोलिमस किंवा त्याचाच भाऊबंद एव्हरोलिमस दिल्यावर जीवघेणा अडथळा करणारी गाठ काही आठवड्यांत आकसल्याचे अनेक वैद्यकीय नोंदींत आढळते. मात्र हृदयातील गाठींसाठी म्हणून या औषधांना अधिकृत मान्यता नाही, डॉक्टर ती अनुभवाच्या आधारे देतात. ती प्रतिकारशक्ती कमी करतात, तोंडात फोड आणतात, रक्तातील चरबी वाढवतात. म्हणून रक्तातील औषधाची पातळी वरचेवर मोजावी लागते आणि जिवंत विषाणूंच्या लसी त्या काळात देता येत नाहीत. औषध थांबवल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. ज्या बाळाची गाठ कुठलाच अडथळा करत नाही, त्याला केवळ गाठ लवकर जावी म्हणून हे औषध देणे मला समर्थनीय वाटत नाही.

हा लगाम का सुटतो, याचे उत्तर हृदयाच्या पलीकडे नेते, आणि या लेखातील सर्वांत कळकळीने सांगण्याची गोष्ट हीच आहे. ऱ्हॅब्डोमायोमा, विशेषतः एकाहून अधिक असतील तेव्हा, बहुसंख्य बाळांत ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराचा भाग असतात. 1862 साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी जन्मानंतर लगेच दगावलेल्या एका अर्भकाच्या हृदयातील गाठी आणि मेंदूतील कठीण चकत्या एकत्र नोंदवल्या होत्या. आजाराला नाव मिळाले ते 1880 साली, फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बूर्नव्हिल यांच्याकडून. सुमारे 6,000 जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. टीएससी-1 किंवा टीएससी-2 या दोन जनुकांपैकी एकात दोष असतो, आणि ही दोन्ही जनुके मिळून एमटॉरला आवर घालणारी प्रथिने बनवतात. आवर गेला, की हृदयात, मेंदूत, मूत्रपिंडात, त्वचेत आणि डोळ्यांत गाठी किंवा चकत्या तयार होतात. हृदयातल्या गाठी काळाबरोबर जातात; मेंदूतला परिणाम तसा आपोआप जात नाही. म्हणूनच ‘हृदयातली गाठ गेली’ हा आनंदाचा अहवाल हातात पडल्यावर पाठपुरावा थांबवणे, ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की हृदयात ऱ्हॅब्डोमायोमा दिसताच बाळाच्या मेंदूचा एमआरआय, मूत्रपिंडांची तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि त्वचेचे बारकाईने निरीक्षण व्हायला हवे. पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग गोऱ्या त्वचेवर साध्या उजेडात सहज दिसत नाहीत. ते वुड्स लॅम्प या जांभळट प्रकाशात उठून दिसतात. जनुकीय चाचणीही करतात, पण आजार स्पष्ट असलेल्या 10 ते 15 टक्के रुग्णांत नेहमीच्या चाचणीत दोष सापडत नाही, त्यामुळे चाचणी कोरी आली म्हणजे आजार नाही असे धरता येत नाही. यांत सर्वाधिक घाईचा विषय आकडीचा आहे. या मुलांना पहिल्या वर्षात, बहुधा तीन ते आठ महिन्यांच्या सुमारास, एका विशिष्ट प्रकारच्या आकड्या येऊ शकतात : बाळ झोपेतून उठल्यावर अंग क्षणभर आखडते, मान पुढे झुकते, हात फाकतात, पुन्हा सैल पडते, आणि हे ओळीने अनेकदा घडते. पाहणाऱ्याला ते दचकणे किंवा पोटदुखी वाटते. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये या आकड्यांवर व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे, आणि ते जितके लवकर सुरू होईल तितके बुद्धीच्या विकासासाठी हिताचे असते. आकडी दिसण्याआधीच ठरावीक अंतराने ईईजी, म्हणजे मेंदूतील विजेच्या संदेशांचा आलेख, काढण्याची शिफारस याचसाठी केली जाते. पालकांनी बाळाची अशी संशयास्पद हालचाल मोबाइलवर टिपून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. तोंडी वर्णनापेक्षा त्या चित्रफितीचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

दुसऱ्या क्रमांकाची गाठ, फायब्रोमा, याच्या अगदी उलट वागते. ती बहुधा एकटी, कडक, तंतुमय असते, डाव्या जवनिकेच्या भिंतीत किंवा मधल्या पडद्यात खोल रुतलेली असते, आणि तिच्या मध्यभागी अनेकदा कॅल्शियम साचलेले दिसते. ती आपोआप जात नाही. तिच्या कडेला तंतू आणि स्नायू एकमेकांत मिसळलेले असतात, आणि तेथे विजेचा संदेश गोल गोल फिरू लागला की जवनिकेतून अतिवेगवान, जीवघेणे ठोके सुरू होतात. काही मुलांत पहिले लक्षणच अचानक मृत्यू किंवा हृदय थांबणे हे असते. याच कारणाने फायब्रोमाच्या बाबतीत ‘त्रास होत नाही, मग पाहू’ ही भूमिका सहजपणे घेता येत नाही. मूल लक्षणरहित असले तरी अनुभवी केंद्रात गाठ काढण्याचा विचार गांभीर्याने केला जातो. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय थांबवून गाठ कोरून काढतात. ती इतकी मोठी असली, की पूर्ण काढल्यास झडप किंवा जवनिकाच निकामी होईल, तर अंशतः काढतात. फारच क्वचित हृदय प्रत्यारोपणापर्यंत वेळ येते. शस्त्रक्रिया झाल्यावरही ठोक्यांवर लक्ष ठेवावे लागते, आणि काही मुलांना धोकादायक ठोके ओळखून झटका देणारे यंत्र छातीत बसवावे लागते. थोड्या मुलांत फायब्रोमा हा गॉर्लिन सिंड्रोम या जनुकीय आजाराचा भाग असतो, ज्यात पुढे त्वचेच्या विशिष्ट कर्करोगाचा धोका वाढतो. डोक्याचा मोठा घेर, जबड्यातील पाण्याच्या गाठी आणि कुटुंबातील इतिहास यांची चौकशी म्हणूनच करतात.

टेराटोमा ही प्रामुख्याने गर्भाची आणि नवजात बाळाची गाठ आहे. ती हृदयाच्या वेष्टणाच्या आत, महाधमनीच्या मुळाशी चिकटलेली असते, तिच्यात पाण्याच्या पिशव्या असतात, आणि कधी कधी ती बाळाच्या हृदयापेक्षाही मोठी होते. तिच्याभोवती साचणारे पाणी हृदयाला दाबते आणि गर्भाच्या अंगावर सूज येते. इथे वेळ थोडा असतो. प्रसूतीचे दिवस जवळ आले असतील, तर प्रसूती करून बाळावर लगेच शस्त्रक्रिया करतात. फार लवकर असेल, तर आईच्या पोटातून सुई घालून बाळाच्या हृदयाभोवतीचे पाणी काढतात. गाठ एकदा पूर्ण काढली, की बहुधा बाळ कायमचे मोकळे होते.

मिक्झोमा तान्ह्या बाळांत विरळ आणि किशोरवयात अधिक दिसतो. तो जेलीसारखा मऊ, बहुधा डाव्या कर्णिकेत देठावर लोंबणारा असतो आणि दर ठोक्याला झडपेच्या तोंडाशी ये-जा करतो. त्याचा तुकडा सुटून पक्षाघात होऊ शकतो, म्हणून निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लांबवत नाहीत. 1954 साली स्टॉकहोममध्ये शल्यविशारद क्लॅरन्स क्रॅफूर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्र वापरून अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. लहान वयात मिक्झोमा आढळला, गाठी अनेक असल्या, त्वचेवर गडद ठिपके असले किंवा कुटुंबात कोणाला अशी गाठ झाली असेल, तर कार्नी कॉम्प्लेक्स या आनुवंशिक आजाराचा शोध घ्यावा लागतो, कारण त्यात गाठ पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते. रक्तवाहिन्यांपासून बनलेला हेमँजिओमा याहूनही विरळ आहे. काही आपोआप आकसतात, काहींना औषध लागते, काही काढाव्या लागतात.

पाठपुराव्याचे वेळापत्रक गाठीच्या प्रकारावर ठरते. लक्षणे नसलेल्या ऱ्हॅब्डोमायोमासाठी गाठी आकसल्याची खात्री होईपर्यंत एक ते तीन वर्षांनी इको आणि पुढे तीन ते पाच वर्षांनी ईसीजी असा सर्वसाधारण क्रम असतो. तान्हेपणी मात्र तपासण्या यापेक्षा कितीतरी जवळजवळ होतात. इकोमध्ये गाठ दिसेनाशी झाली तरी ईसीजी सुरू ठेवण्याचे कारण असे, की ठोक्यांचा दोष गाठीनंतरही उरू शकतो. काही मुलांत वयात येताना गाठी पुन्हा वाढल्याच्याही नोंदी आहेत. धडधड, चक्कर, शुद्ध हरपणे, दूध पिताना निळे पडणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता लगेच रुग्णालयात जावे.

पुढच्या बाळाचा प्रश्न पालक उशिरा आणि संकोचाने विचारतात. ट्यूबरस स्क्लेरोसिसमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलांत दोष नव्याने उद्भवलेला असतो, आईवडिलांपैकी कोणाकडून आलेला नसतो. त्यांच्या कोणत्याही वागण्याचा किंवा गर्भारपणातील खाण्यापिण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. आईवडिलांपैकी एकाला आजार असेल, मग तो कितीही सौम्य असो, तर प्रत्येक गर्भाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि म्हणून दोघांचीही तपासणी पुढच्या गर्भधारणेआधी होणे हिताचे असते. दोघेही निर्दोष ठरले तरी शक्यता अगदी शून्य होत नाही, कारण दोष कधी कधी केवळ बीजपेशींत लपलेला असतो. ती एक-दोन टक्क्यांच्या घरात उरते. पहिल्या बाळातला नेमका जनुकीय दोष ठाऊक असेल, तर पुढच्या गर्भात तो शोधता येतो. तो ठाऊक नसेल, तर भिस्त सोनोग्राफीवर राहते, आणि तेव्हा या गाठी उशिरा उगवतात हे विसरून चालत नाही : 20 आठवड्यांना बाळाचे हृदय स्वच्छ दिसले, तरी ते 28 ते 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा एकदा पाहावे लागते.